धोंडे कोणी आणले, कोणी रचले?

नेदरलँड्स म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे समुद्रसपाटीखालची जमीन, बांध, कालवे आणि पवनचक्क्या येतात. भूगोलाच्या पुस्तकातही या देशाची ओळख पोल्डरच्या चित्राने होते. हा देश मुख्यतः नद्यांनी आणि समुद्राने आणून टाकलेल्या वाळूचा व चिखलाचा आहे. बहुतेक ठिकाणी विहिरीएवढे खोल खणले तरी खडक लागत नाही. अशा या देशाच्या ईशान्येला द्रेन्टे नावाचा प्रांत आहे. तिथल्या जंगलांतून चालताना झाडांमध्ये अचानक ग्रॅनाइटचे प्रचंड धोंडे समोर येतात. दोन्ही बाजूंना उभ्या धोंड्यांच्या रांगा, त्यांवर छतासारखे आडवे टाकलेले आणखी मोठे धोंडे. काही तर वीस टनांच्या घरातले. स्थानिक लोक या रचनेला 'हुनेबेड' म्हणतात.

आसपास कुठेही खडक नसताना हे धोंडे आले कोठून? आणि यंत्रे नसताना ते एकावर एक चढवले कोणी? हे दोन प्रश्न वाटतात एकसारखे, पण आहेत वेगवेगळे. ते वेगळे आहेत हे माणसाच्या ध्यानात यायला बराच काळ जावा लागला. जोपर्यंत दोन्हींचे मिळून एकच उत्तर शोधले जात होते तोपर्यंत त्या उत्तरात राक्षस येत राहिले. प्रश्न सुटे केल्यावर एकाचे उत्तर भूगर्भशास्त्राने दिले, दुसऱ्याचे पुरातत्त्वाने. मधल्या काळात हे धोंडे अनेकदा नाहीसे होता होता वाचले. ही हकिकत वर्गात सांगण्याजोगी आहे.

द्रेन्टेमध्ये बोर्खर या गावापासून दक्षिणेला स्लेनरझांटच्या जंगलापर्यंतचा दहा-पंधरा किलोमीटरांचा टापू पायवाटांनी भरलेला आहे. या वाटांवर ठिकठिकाणी थांबत आपण ही हकिकत समजून घेऊ.

पायाखालची जमीन

पहिला मुक्काम अगदी साधा. पायाखाली पाहायचे. वाट एका लांबट, बुटक्या उंचवट्यावरून जाते. याचे नाव 'होंड्सरुख', शब्दशः 'कुत्र्याची पाठ'. हा उंचवटा ग्रोनिंगेन शहरापासून आग्नेयेकडे सुमारे ७० किलोमीटर पसरला आहे. उंची म्हणाल तर समुद्रसपाटीपासून वीस-तीस मीटर. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला हा डोंगर म्हणून सांगितला तर तो हसेल. पण सपाट मुलखात वीस मीटरही पुष्कळ असतात.

वाटेच्या कडेला जमीन खणलेली असेल तर वरच्या वाळूखाली एक चिवट, करडी-पिवळसर माती दिसते. तिच्यात वाटाण्याएवढ्या खड्यांपासून बैलगाडीएवढ्या धोंड्यांपर्यंत सगळे काही मिसळलेले असते. इथे क्षणभर थांबून नदीकाठ आठवावा. नदी आपला गाळ निवडून टाकते. वेग कमी होईल तसे आधी गोटे, मग वाळू आणि शेवटी चिखल बसतो. इथे मात्र निवड अजिबात नाही. जे मिळाले ते सरसकट उचलून आणले आणि तसेच टाकून दिले, असा हा प्रकार आहे. बऱ्याच धोंड्यांची एखादी बाजू घासून सपाट झालेली असते, काहींवर समांतर ओरखडेही दिसतात. असा माल आणणारा हमाल एकच, तो म्हणजे बर्फ.

सुमारे दीड लाख वर्षांपूर्वी स्कॅन्डिनेव्हियावर साचलेला प्रचंड हिमस्तर दक्षिणेकडे सरकत आजच्या नेदरलँड्सच्या मध्यापर्यंत आला होता. सरकताना त्याने वाटेतले खडक उपटले, तळाशी धरले, भरडले आणि पुढे नेले. होंड्सरुखच्या भागात बर्फाचा एक वेगवान प्रवाह वायव्येकडून आग्नेयेकडे वाहत होता. त्याच दिशेला जमिनीवर लांबट वरंबे तयार झाले. होंड्सरुख म्हणजे त्यांतलाच सर्वांत ठळक वरंबा. त्याच्या पूर्वेला हुन्झे नदीचे रुंद खोरे आहे. कुत्र्याची पाठ आणि शेजारचा खोलगट भाग, दोन्ही त्या हिमयुगाचीच देणगी.

धोंडे नेमके कुठले हेही सांगता येते. काही खडक इतके वैशिष्ट्यपूर्ण असतात की त्यांचे मूळ गाव ओळखता येते. होंड्सरुखवर 'रापाकिवी' नावाचा ग्रॅनाइट सापडतो. त्यात गोल गोल, अंड्याच्या कापासारखे दिसणारे स्फटिक असतात. रापाकिवी हा फिनिश शब्द असून त्याचा अर्थ 'भुसभुशीत दगड' असा आहे. हा खडक बाल्टिक समुद्रातल्या ऑलंड बेटांवर जागच्या जागी पाहायला मिळतो. तिथे त्याचे वय सुमारे १६० कोटी वर्षे आहे. बोर्खरपासून ही बेटे हजार किलोमीटरांहून अधिक दूर. स्वीडनच्या दक्षिण भागातले ग्रॅनाइटही इथे आहेत. टपालाच्या पाकिटावर जसा पाठवणाऱ्या गावचा शिक्का असतो, तसा प्रत्येक धोंड्यावर त्याचा शिक्का आहे. तो वाचता आला पाहिजे, इतकेच.

त्यानंतरचे, म्हणजे सर्वांत अलीकडचे हिमयुग आले तेव्हा हिमस्तर इथपर्यंत पोहोचला नाही. पण जमीन गोठलेली होती, झाडे जवळजवळ नव्हती आणि वाऱ्याने बारीक वाळू उडवून सगळीकडे पसरली. बर्फाच्या मातीवर ही वाळूची चादर पडली. त्या काळात जमिनीतल्या पाण्याचे बर्फ होऊन काही ठिकाणी छोट्या टेकड्या फुगल्या. हवा उबदार झाल्यावर आतला बर्फ वितळला, टेकडी खचली आणि तिथे गोल तळे उरले. द्रेन्टेच्या जंगलात अशी वर्तुळाकार डबकी बरीच आहेत. जवळून जाणाऱ्याला ते साधे तळे वाटते. ते गोठलेल्या जमिनीने मागे ठेवलेले भांडे आहे.

कोरड्यावर माणसे, ओल्यावर दलदल

बर्फाने आणलेल्या चिवट मातीतून पाणी सहजी झिरपत नाही. म्हणून सखल भागांत पाणी साचले, वनस्पती त्यात न कुजता थरावर थर बसत गेल्या आणि पीटची विस्तीर्ण दलदल तयार झाली. पूर्वेकडची बूर्टांगची दलदल एके काळी जर्मनीच्या हद्दीपलीकडे पसरलेली होती. अशा मुलखात वस्ती करायची तर कोरडी जागा हवी, आणि ती होती होंड्सरुखवर. खीटन, बोर्खर, एक्सलो, ओडोर्न, एमन ही आजची गावेसुद्धा त्या पाठीवर माळेसारखी ओवलेली आहेत. पाच हजार वर्षांपूर्वी माणसाने वस्तीसाठी जी जागा निवडली, तीच जागा नंतरच्या पिढ्यांनीही निवडली. कारण एकच, पाय कोरडे राहतात.

या वरंब्यावर इ. स. पूर्व ३४०० च्या सुमारास जे शेतकरी राहत होते त्यांना पुरातत्त्वज्ञ 'नरसाळ्या पेल्यांचे लोक' म्हणतात. त्यांच्या मडक्यांचा गळा नरसाळ्यासारखा वर रुंद होत जातो, त्यावरून हे नाव. ते गुरे पाळत, गहू-बार्ली पिकवत आणि दगडी कुऱ्हाडींनी जंगल तोडत. धातूची हत्यारे ते वापरत नसत. हुनेबेड बांधले ते यांनीच. इ. स. पूर्व २८५० च्या आसपास ही संस्कृती मावळली.

दगडी घर मृतांचे

बोर्खरचे हुनेबेड नेदरलँड्समधले सर्वांत मोठे. त्याची लांबी सुमारे साडेबावीस मीटर, म्हणजे आपल्या शाळेतले तीन वर्ग सलग ठेवल्यास होईल तेवढी. आज देशात अशी ५४ हुनेबेडे उरली आहेत. त्यांतली ५२ एकट्या द्रेन्टेमध्ये आहेत. पूर्वी ती बरीच अधिक होती.

जवळ जाऊन पाहिले की बांधणाऱ्यांची दृष्टी कळते. धोंड्याची सपाट बाजू नेहमी आतल्या अंगाला केलेली असते. छताच्या धोंड्याची सपाट बाजू खाली असते. बाहेरून ओबडधोबड आणि आतून गुळगुळीत अशी खोली तयार होते. उभ्या धोंड्यांमधल्या फटी लहान दगड रचून बुजवत. जमिनीवर दगडांची फरसबंदी असे. आणि हे सगळे मातीच्या टेकाडाखाली झाकलेले असे. दक्षिणेच्या बाजूला आत शिरायला एक वाट ठेवीत. म्हणजे आज आपण पाहतो तो सांगाडा आहे; वरची कातडी केव्हाच गेली.

आत मृतांना ठेवीत, तेही एकाला नव्हे, तर पिढ्यान् पिढ्या. पण हाडे फारशी मिळत नाहीत, कारण इथली वालुकामय जमीन आम्लधर्मी आहे. तिने हाडे खाऊन टाकली. टिकली ती मडकी. हाफेल्टे येथील एका हुनेबेडमध्ये सहाशेहून अधिक मडक्यांचे अवशेष मिळाले. कोणती वस्तू टिकेल आणि कोणती नाहीशी होईल हेसुद्धा जमिनीचे रसायन ठरवते, इतिहासकार नव्हे. पुरावा मिळाला नाही म्हणून ती गोष्ट नव्हतीच, असे म्हणता येत नाही, ते याच कारणाने.

धोंडे माणसांनी दुरून आणले नाहीत. दूरचा प्रवास बर्फाने आधीच करून ठेवला होता. माणसांनी आसपास विखुरलेले धोंडे निवडले आणि ओंडके, दोर, पहारीसारखे वासे आणि पुष्कळ हात यांच्या बळावर जागेवर आणले असावेत. वर चढवताना मातीचा उतार उपयोगी पडला असावा. बर्फाने हजार किलोमीटर आणि माणसाने शेवटचा तुकडा, अशी ही वाटणी आहे.

राक्षस, कवयित्री आणि भूगर्भशास्त्रज्ञ

ही वाटणी लोकांना ठाऊक नव्हती तेव्हा ते काय म्हणत? आपल्याकडे डोंगरात कोरलेली लेणी दिसली की ती पांडवांनी एका रात्रीत कोरली असे सांगत. तिकडे पांडवांच्या जागी राक्षस आले. 'हुनेबेड' या नावातच 'हुने' म्हणजे महाकाय माणूस आणि 'बेड' म्हणजे शय्या असा अर्थ घेतला जातो. योहान पिकार्ट हा कूफोर्डनचा धर्मोपदेशक. त्याने १६६० मध्ये या प्रदेशातल्या प्राचीन वास्तूंवर पुस्तक लिहिले आणि त्यात धोंडे रचणाऱ्या राक्षसांची चित्रेही दिली. आज आपल्याला ते भोळेपणाचे वाटते. पण पिकार्टच्या विचारात एक तर्क होता. एवढे धोंडे माणूस आणू शकणार नाही, आणि इथे खडक तर नाही, तेव्हा आणणारे माणसांहून मोठे असले पाहिजेत. गृहीत एकच होते की ज्यांनी रचले त्यांनीच आणले. चूक तर्कात नव्हती, गृहीतात होती.

१६८५ मध्ये टीत्सिया ब्रोंगर्स्मा नावाची कवयित्री नातलगांकडे बोर्खरला आली होती. तिने तिथल्या मोठ्या हुनेबेडमध्ये खणायला लावले. आत मडकी निघाली. राक्षसांच्या घरात माणसांच्या मापाची मडकी! तिने या वास्तूवर कविताही केली. नेदरलँड्समधल्या पुरातत्त्वीय उत्खननांच्या इतिहासात तिचे नाव आरंभीच घेतले जाते. रचणारे माणसांसारखेच होते ही शंका इथपासून बळावत गेली.

'आणले कोणी' हा प्रश्न मात्र आणखी दोनशे वर्षे लोंबकळत राहिला. हारलेमच्या विज्ञानसंस्थेने या विखुरलेल्या धोंड्यांच्या उगमाविषयी निबंधस्पर्धा ठेवली. गटिंगेनचे प्राध्यापक हाउसमान यांचा निबंध १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला. धोंड्यांचे खनिज तपासून ते स्कॅन्डिनेव्हियातले आहेत असे त्यांनी दाखवले. आता पत्ता कळला, वाहन कळायचे होते. पुष्कळांना वाटे, महापुराने आणले. चार्ल्स लायेलसारख्या मोठ्या भूगर्भशास्त्रज्ञाचे मत होते की समुद्र इथपर्यंत होता आणि तरंगत्या हिमनगांनी धोंडे आणून सोडले. १८४० मध्ये लुई आगासिझ याने आल्प्समधल्या हिमनद्यांच्या अभ्यासावरून विस्तीर्ण हिमयुगाची कल्पना मांडली, पण उत्तर जर्मनीच्या सपाट मैदानावर जमिनीवरून सरकत बर्फ आला हे मान्य करायला लोक तयार नव्हते.

३ नोव्हेंबर १८७५ रोजी स्वीडिश भूगर्भशास्त्रज्ञ ओट्टो टोरेल बर्लिनजवळच्या रूडर्सडॉर्फ या गावी गेला. तिथे चुनखडकाच्या उघड्या पृष्ठभागावर समांतर ओरखडे होते. ते पूर्वीही लोकांनी पाहिले होते. टोरेलने स्पिट्सबर्गेन व ग्रीनलँडचा बर्फ प्रत्यक्ष पाहिलेला होता. त्याच संध्याकाळी जर्मन भूगर्भशास्त्रीय संस्थेच्या सभेत त्याने सांगितले की तरंगणारा हिमनग असे ओरखडे काढत नाही, हे काम जमिनीवरून सरकणाऱ्या बर्फाचेच. काही वर्षांतच हे मत सर्वमान्य झाले. हुनेबेडच्या धोंड्यांना वाहन मिळाले आणि राक्षसांची गरज संपली.

एक किडा आणि एक कायदा

उत्तरे मिळेपर्यंत धोंडे जागेवर टिकायला तर हवे होते! ते टिकले याला निमित्त झाला समुद्रातला एक प्राणी.

टेरेडो हा शिंपल्यांच्या जातीचा मऊ, लांबट जीव. त्याला जहाजकिडा म्हणतात, पण तो किडा नव्हे, मृदुकाय प्राणी आहे. शिंपल्याचे दोन छोटे तुकडे कानशीसारखे वापरून तो लाकूड पोखरतो आणि आत राहतो. १७३० नंतर डच किनाऱ्यावर त्याचा अतोनात प्रादुर्भाव झाला. समुद्राचे पाणी थोपवणाऱ्या बांधांना पुढच्या बाजूने लाकडी खांबांचा आधार होता. ते खांब आतून पोकळ होऊन मोडू लागले. समुद्रसपाटीखाली राहणाऱ्या देशावर याहून मोठे संकट कोणते? लाकडाऐवजी दगड वापरायचे ठरले. पण दगड आणायचे कोठून? देशात खडक नाही. द्रेन्टेच्या जमिनीत विखुरलेल्या धोंड्यांना एकाएकी भाव आला. खणून खणून लोक ते विकू लागले, आणि खणण्यापेक्षा उभे असलेले हुनेबेड फोडणे कितीतरी सोपे होते.

तेव्हा २१ जुलै १७३४ रोजी द्रेन्टेच्या प्रांतिक शासनाने हुनेबेडला हात लावायला बंदी करणारा ठराव केला. युरोपात प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी झालेल्या अगदी आरंभीच्या कायद्यांपैकी हा एक. याच्या आधी स्वीडनने १६६६ मध्ये असा फतवा काढला होता. ठराव करणाऱ्यांना हे धोंडे बर्फाने आणले हे ठाऊक नव्हते. ते कोणी रचले हेही नक्की ठाऊक नव्हते. तरी समुद्राचे भय दारात असताना, न कळलेली वस्तू मोडू द्यायची नाही असे त्यांनी ठरवले. हा निर्णय मला या साऱ्या हकिकतीतला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. समजले की जपू, असे म्हणत बसले असते तर समजायला काही उरलेच नसते.

दुरुस्तीचे संकट

१८७० च्या सुमारास सरकारने बरीचशी हुनेबेडे विकत घेतली. त्यांना 'मूळ रूप' देण्याचा उत्साह आला. मूळ रूप म्हणजे उघडे धोंडे, अशी समजूत होती. म्हणून उरलेसुरले मातीचे टेकाडही उकरून फेकण्यात आले. त्या मातीतच तर पुरावा होता. हे ऐकून १८७८ मध्ये ल्यूकिस आणि ड्रायडेन हे दोन इंग्रज अभ्यासक तातडीने द्रेन्टेला आले आणि त्यांनी हुनेबेडांचे काळजीपूर्वक मोजून नकाशे काढले. नासधूस थांबवणे त्यांच्या हाती नव्हते. नोंद ठेवणे मात्र होते.

हेच काम पुढे आल्बर्ट एगेस फान खिफन (१८८४–१९७३) याने अधिक पद्धतशीरपणे केले. १९१८ पासून त्याने एकेक हुनेबेड मोजले, रेखाटले, धोंड्यांना क्रमांक दिले. धोंडा नाहीसा झाला तरी तो जिथे रोवला होता तिथल्या मातीचा रंग वेगळा राहतो, हे त्याने ओळखले. असे खड्डे शोधून त्यांत काँक्रीट भरून त्याने खुणा करून ठेवल्या. एखादी वास्तू अपुरी दिसत असेल तर तिचे न दिसणारे धोंडेही आता मोजता येऊ लागले.

या मोजमापांचा कस दुसऱ्या महायुद्धात लागला. हाफेल्टेजवळ जर्मन सैन्याने विमानतळ बांधला होता. तिथल्या मोठ्या हुनेबेडची अडचण होत होती. युद्धाच्या अखेरीस ते उतरवून धोंडे जमिनीत पुरून टाकण्यात आले. पाच हजार वर्षे उभी असलेली वास्तू नकाशावरून पुसली गेली. पण फान खिफनच्या दप्तरात तिचे आराखडे होते. १९४९-५० मध्ये धोंडे उकरून काढले आणि आराखड्याबरहुकूम पुन्हा उभे केले. आज तिथे जाणाऱ्याला सांगितल्याशिवाय यातले काही कळणार नाही. विद्यार्थ्याला प्रयोगवहीत आकृती नीट काढायला आपण सांगतो, तेव्हा तो कंटाळतो. त्याला ही गोष्ट सांगावी.

आपल्या वाटेचा दक्षिणेकडचा मुक्काम स्लेनरझांटच्या जंगलात आहे. इथल्या हुनेबेडला 'पापेलोझे केर्क' म्हणतात, म्हणजे 'धर्मगुरूविना चर्च'. सोळाव्या शतकात मेन्सो आल्टिंग नावाचा प्रॉटेस्टंट उपदेशक इथे उघड्यावर प्रवचने करी, असे सांगतात. १९५८-५९ मध्ये फान खिफनने हे हुनेबेड अर्धे मुद्दाम मातीच्या टेकाडाखाली झाकून दाखवले आणि अर्धे उघडे ठेवले. मूळ रूप कसे होते हे पाहणाऱ्याला एका दृष्टिक्षेपात कळते. यासाठी कमी पडणारे धोंडे मात्र दुसऱ्या एका मोडक्या हुनेबेडमधून आणले, आणि ते कायमचे संपले. शिकवण्यासाठी एक मूळ दस्तऐवज खर्ची घालावा का? विद्यार्थ्यांना हा प्रश्न विचारावा. उत्तर आपण देऊ नये.

जंगल किती जुने?

इतका वेळ आपण जंगलातून चालत आहोत. साहजिकच वाटते, हे जंगल तरी अनादी असेल. पण ते या वाटेवरचे सर्वांत तरुण पात्र आहे.

ग्रोनिंगेन विद्यापीठाचे एच. टी. वाटरबोल्क यांनी १९५४ मध्ये प्रागैतिहासिक टेकाडांखाली दबलेल्या जुन्या जमिनीतल्या परागकणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. टेकाड रचताना खालची जमीन झाकली गेली, तिच्याबरोबर त्या दिवसापर्यंत पडलेले परागकणही बंद झाले. त्यांत झाडांचे पराग किती आणि हीथ या झुडपाचे किती, हे मोजले की त्या वेळचा परिसर कळतो. माणसांनी जंगल तोडून मोकळी जागा केली होती आणि हीथ माजू लागले होते, हे या कणांतून वाचता आले.

पुढे मध्ययुगात शेतकऱ्यांनी एक युक्ती बसवली. हीथची हिरवळ मातीसकट सोलून आणायची, मेंढ्यांच्या वाड्यात अंथरायची, शेणामुताने भिजली की शेतात घालायची. शतकानुशतके असे खत घालून शेते उंच झाली, पण सोललेल्या माळावर वाळू उघडी पडली. ती वाऱ्यावर उडू लागली. हिमयुगात वाऱ्याने पसरलेली वाळू माणसाने पुन्हा मोकळी केली. 'स्लेनरझांट' या नावातला 'झांट' म्हणजे वाळू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रासायनिक खते आली आणि हीथची गरज संपली. १८९९ मध्ये सरकारी वनखाते स्थापन झाले. उडती वाळू बांधण्यासाठी आणि लाकडासाठी पाइनची लागवड झाली. आज ज्या झाडांना आपण निसर्ग समजून पाहतो ती आपल्या पणजोबांच्या पिढीने ओळीत लावलेली आहेत. नीट पाहिले तर कुठे कुठे त्या ओळी अजून दिसतात.

लागवडीने एक उपकारही केला. नांगर न फिरल्यामुळे लोहयुगातल्या शेतांचे बुटके बांध काही ठिकाणी झाडांखाली टिकून राहिले. सुमारे चाळीस-चाळीस मीटरचे चौकोन, बुद्धिबळाच्या पटासारखे. सायंकाळी ऊन तिरपे पडले की त्यांच्या सावल्या उमटतात.

आपल्या वाटा

'आपल्याकडे कुठे हिमयुगाच्या खुणा?' असे विद्यार्थी विचारतील. आहेत, आणि महाराष्ट्रातच आहेत. चंद्रपूरजवळ इरई येथे चुनखडकाच्या घासलेल्या पृष्ठभागावर समांतर ओरखडे आहेत आणि त्यावर लहानमोठ्या धोंड्यांचा न निवडलेला थर आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील फ्रान्सिस फेडन याने त्यावर टिपण प्रसिद्ध केले ते १८७५ मध्ये, म्हणजे टोरेलने बर्लिनमध्ये सभा गाजवली त्याच वर्षी. हा बर्फ मात्र दीड लाख वर्षांपूर्वीचा नव्हे, सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा भारत दक्षिण ध्रुवाजवळच्या गोंडवन खंडाचा भाग होता. खूण एकच, काळ हजारो पट वेगळा.

आणि मृतांसाठी रचलेले धोंडेही आपल्याकडे आहेत. नागपूरजवळ जुनापाणी येथे सुमारे तीनशे शिळावर्तुळे आहेत. रिव्हेट-कार्नॅक याने १८७९ मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध केली. ती लोहयुगातली, म्हणजे हुनेबेडांहून दोन हजारांहून अधिक वर्षांनी अलीकडची. तिथले काळे धोंडे बेसॉल्टचे, त्याच परिसरातले. 'आणले कोणी' या प्रश्नाचे उत्तर तिथे बर्फ नाही, तर दख्खनचा लाव्हा आणि त्याची झीज हे आहे. प्रश्न तेच विचारायचे, उत्तर मात्र जमीन बदलेल तसे बदलते.

वर्गात एक प्रयोग सहज होतो. एका वाटीत वाळू आणि बारीक खडी घालून वर पाणी ओता आणि बर्फ करा. बर्फाचा तो गोळा, खडीची बाजू खाली करून, साबणाच्या वडीवरून एकाच दिशेने दाबून ओढा. मग नुसत्या पाण्याचा बर्फ तसाच दुसऱ्या वडीवरून ओढा. दोन्ही वड्या शेजारी ठेवा. ओरखडे बर्फ काढत नाही, बर्फाने धरलेला खडा काढतो, हे न सांगता कळते. शेवटी पहिला गोळा एका ताटलीत वितळू द्या. मागे उरलेला ढीग पाहा. त्यात बारीक-मोठे निवडलेले असते का?

नंतर शाळेजवळची एखादी वाट निवडा. गावाची वेस, जुने तळे, देवराई, नदीचा धक्का, काहीही चालेल. वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात फक्त जे दिसते ते. दुसऱ्यात त्यावरून काढलेले अनुमान. तिसऱ्यात ते अनुमान चूक ठरवायचे तर काय पाहावे लागेल ते. प्रत्येक दगडापाशी दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे. हा इथे आला कसा? आणि इथे आल्यावर माणसाने त्याचे काय केले? पहिल्या दिवशी तिसरा रकाना बहुधा कोराच राहील. तो भरण्यासाठी पुन्हा त्या वाटेने जावे लागेल, आणि विद्यार्थ्यांनी स्वतःहून पुन्हा जायचे म्हटले तर सहलीचे काम झाले असे समजावे.